सप्लाय डेपोच्या बोर्डावरचं दुसरं नाव

आमचं घर सिद्धगडच्या पायथ्याला. भात माघापर्यंत पुरायचं, नाचणी होळीपर्यंत. पुढे कडू कंद, पाणी बदलून बदलून उकडलेले. मी मॅट्रिक झालो तेव्हा गावात दुसरा मॅट्रिक नव्हता. दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू झाल्यावर भरती झालो. हवालदार-क्लार्क म्हणून पोस्टिंग मिळालं शहापूरकडच्या सप्लाय डेपोत.

डेपो म्हणजे एकच अवाढव्य इमारत. लोखंडी खांब, पत्र्याचं छप्पर. या दारातून त्या दारातला माणूस ओळखू येत नसे. आत पलटणींसाठी तांदूळ, पीठ, डाळ. बाहेर गावांत त्या साली लोक कोंडा खात होते.

मजूर डोळखांब-मुरबाडकडचे. बारकूकाका माझ्याच गावचा, मीच त्याला कामाला आणला. सांडलेल्या तांदळावर आमच्याकडे पाय देत नाहीत. चुकून पडला तर वाकून हात लावायचा, तो कपाळाला न्यायचा. काका तर वाट झाडल्याशिवाय पुढे जात नसे. साताऱ्याकडचा नाईक रामचंद्र त्याला चिडवायचा.

"काका, डेपो हाय ह्यो, देऊळ नव्हं."

"तुजा बूट सरकारचा रे नायका. पाय माजा हाय."

पावसाळ्यात पत्रा गळला. एका सकाळी नऊला सात नंबरच्या थप्पीची खालची पोती ओली दिसली. वर अठरा थर. मी सुभेदारसाहेबांकडे गेलो.

"खालची पोती कुजलीत, साहेब. थप्पी उतरवावी लागेल."

"वॅगन खाली करनी है. और दो थर चढाओ."

"साहेब..."

"हुकूम है, हवालदार."

मी सॅल्यूट केला आणि हुकूम मजुरांना दिला.

दहा वीसला खालचं पोतं फुटलं. तांदूळ वाटभर पसरला. थप्पी कलली. नाईक ओरडला, "पळा! सरळ भाईर!" बाकीचे तांदूळ तुडवत निघाले. काका त्या तांदळापाशी थांबला.

"काका, वरून ये! तांदळावरून ये!" मी दारातून ओरडलो.

त्यानं खाली पाहिलं. मग भिंतीकडच्या मोकळ्या जमिनीवरून वळसा घेतला. चार पावलं जास्त. नाईक त्याला ओढायला परत आत शिरला. तेवढ्यात थप्पी दोघांच्या अंगावर आली.

पोती उपसायला दोन तास लागले. नाईकाची मूठ काकाच्या दंडावर तशीच होती.

काकी आली. एवढंच म्हणाली, "त्यांना तूच नेलंस ना रे?"

मी हो म्हणालो.

महिन्याभरात डेपोच्या दारावर ड्युटीवर गेलेल्यांच्या नावाचा बोर्ड लागला. नाव एकच, नाईकाचं. काकाचं नाव का नाही, म्हणून डेपोच्या कॅप्टनसाहेबांना विचारलं. "मजूर आपल्या स्ट्रेंथवर, पलटणीच्या पटावर नसतो," ते म्हणाले, आणि फाइल उघडली.

लढाई संपली. डिस्चार्ज घेतला, कॉलेजात गेलो, बी.ए. झालो. घराण्यातच नाही, आजूबाजूच्या पाड्यांतही पहिला. अभिमान आहे, लपवत नाही. पदवी हातात आल्यावर पहिला इंग्रजी कागद लिहिला तो त्या बोर्डासाठीचा अर्ज. थर चढवायचा हुकूम कोणी दिला ते त्यात लिहिलं. तो मजुरांपर्यंत कोणी पोचवला, तेही लिहिलं. तीन अर्ज नाकारले गेले. चौथ्याला होकार आला.

बोर्डावर आता दोन नावं आहेत. नाईक रामचंद्र. मजूर बारकू. दोघंही ड्युटीवर असताना गेले.