आमच्या उसातून जाणारी लोकल

आमच्या वरकुट्याच्या घरात मागून शिरावं लागतं. रस्त्याच्या बाजूला मोरी, धुण्याचा दगड आणि शेळ्यांचा गोठा. ओटा, नक्षीचा दरवाजा आणि त्यावरचं ‘सुस्वागतम्’ हे सगळं उसाकडं. पाहुणा आधी खरकट्या भांड्यांचा ढीग ओलांडतो, मग स्वयंपाकघरात आईला नमस्कार करतो आणि त्यानंतर बैठकीत पोचतो. हे घर माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, पूर्ण शुद्धीत बांधलं. उसाच्या बाजूनं रेल्वे येणार होती.

आबांना हसण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. आमचं जुनं घर बांधलं तेव्हा रस्ताच नव्हता. पुढं डांबरी सडक आली, ती नेमकी घराच्या पाठीमागून. ज्यांची दारं सडकेकडं होती त्यांनी पुढच्या खोलीत गिरणी काढली, खताचं दुकान काढलं, चहाचं हॉटेल काढलं. आमच्या वाट्याला नुसती भिंत. एसटीची वाट बघणारी माणसं तिच्या आडोशाला जायची, आणि आडोशाला माणूस कशाला जातो ते सांगायला नको. पुन्हा विकासाकडं पाठ करायची नाही, हे आबांनी त्या भिंतीच्या वासातच ठरवलं असावं.

म्हणून पुण्याची लोकल बारामतीवरून थेट इंदापूरपर्यंत आणणार अशी घोषणा झाली आणि तीन पायांची दुर्बीण घेऊन माणसं आमच्या रानात आली, तेव्हा आबांनी त्यांना जावयासारखं वागवलं. त्यांनी लाल डोक्याच्या लाकडी खुंट्या ठोकल्या, दोनदा चहा घेतला, जीपमध्ये उसाची मोळी टाकली आणि गेले. ते काही परत आले नाहीत. बारामतीला गाडी आहे, पण ती दौंडाकडं जाते. आमच्याकडं यायचं तिनं अजून मनावर घेतलेलं नाही.

पुढच्या लागणीच्या वेळी ट्रॅक्टरच्या फाळात एक खुंटी उपटून आली. आबांनी ती धुतली, तिला नवा रंग दिला आणि “साधारण हितंच हुती” म्हणत परत ठोकली. दर लागणीला हेच. त्या ‘साधारण’मध्ये रेल्वे हळूहळू विहिरीपासून लांब, खडकाळ तुकड्याकडं सरकत गेली. मी एकदा म्हटलं, आबा, अशानं रूळ शेजाऱ्याच्या हद्दीत जातील. त्यांनी ते गंभीरपणे ऐकलं आणि खुंटी जराशी मागं आणली.

मग त्यांनी प्रवासी संघ काढला. प्रवासी होते, संघ होता, गाडी तेवढी बाकी होती. दर निवडणुकीला लोकलची घोषणा नव्यानं व्हायची आणि संघ चौकात आभाराचा फ्लेक्स लावायचा. काम झाल्यावर आभार मानायला सगळंच गाव येतं, आधी मानले तर माणूस लक्षात राहतो, हा आबांचा हिशेब. संघाच्या बैठकीत जलद गाडीनंही वरकुट्याला थांबावं असा ठराव झाला. बायकांचा डबा पुढं असावा की मागं यावरून दोन सभासदांनी राजीनामे दिले. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण त्यावरून ताटं मात्र खरी आपटली जायची.

मला बारामतीला लागून असलेल्या जळोचीत दिलंय. माहेरी आले की मी आबांशी लोकलवरून भांडायचे, हा आमचा ठरलेला कार्यक्रम होता. मी म्हणायचे, येणार नाही. ते म्हणायचे, तुला काय कळतंय. आई म्हणायची, जेवून घ्या. गंमत म्हणून मीही भांडत असे, पण एका गोष्टीचा मला खराच राग होता, तो म्हणजे माझा धाकटा भाऊ. त्याला शिक्षण संपताच पुण्यात कंपनीत नोकरी लागत होती. आबांनी त्याला अडवलं. तिकडं भाड्याच्या खोलीत कशाला राहतोस, दोन वर्षांत लोकल येतीय, मग घरनं डबा घेऊन जा-ये कर, म्हणाले. भाऊ गरीब स्वभावाचा. तो थांबला. थांबता थांबता ऊस बघायला लागला, केस विरळ झाले, आणि आमच्याकडं शेतातल्या पोराला मुलगी मिळणं किती अवघड झालंय हे ज्याच्या घरात असं पोरगं आहे त्यालाच विचारावं. प्रत्येक स्थळाला आबा लोकलची गोष्ट सांगायचे. मुलीकडची माणसं भांडी ओलांडून आत यायची, दाराबाहेरचा ऊस बघायची आणि कळवतो म्हणून जायची.

अशात बावड्याचं स्थळ आलं. मुलगी बारामतीत दवाखान्यात रक्त तपासायच्या कामावर होती, तिथंच मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायची. पाहुणे नेहमीप्रमाणं मागून आले तेव्हा भाऊ मोरीपाशी उकिडवा बसून चहाची पातेली घासत होता, कारण आईचा हात भाजला होता. आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलगी मात्र थांबली आणि त्याला म्हणाली की राखेनं घासा, डाग लवकर निघतो. त्यानं राख घेतली. बैठकीत पोहे द्यायचा रीतसर कार्यक्रम नंतर झाला, पण बघणं मोरीपाशीच झालं होतं. ती आत जाताना तो तिच्याकडं ज्या तऱ्हेनं बघत होता, तसं त्यानं आयुष्यात काही मागितल्याचं मला आठवत नाही.

बैठकीत मुलीचे वडील, तात्या, आबांसारखेच निघाले. पोहे खाता खाता त्यांनी सांगितलं की त्यांनी घराचा वरचा मजला अर्धा ठेवलाय, कारण लोकल बावड्यावरून जाणार आणि घर त्यात जाणार. आबांचा चमचा हातातच राहिला. लोकल वरकुट्यावरून जाणार हाय, ते म्हणाले. तात्या म्हणाले, आमच्याकडं खुंट्या हायत. आबा म्हणाले, आमच्याकडं बी हायत, बघायच्या का? आणि दोघे पुढच्या दारानं उसात शिरले.

आता एक लाईन दोन्ही गावांवरून जायची तर तिला साप व्हावं लागलं असतं. आमच्याकडं सोयरीक सोन्यावरून अडते, कार्यालयावरून अडते, मुलाच्या मामाला फेटा बांधला नाही म्हणूनही अडते. पण रेल्वेच्या मार्गावरून अडलेली ही पहिलीच असावी. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात. इथं तर तुरीचं बीसुद्धा कुणी पाहिलं नव्हतं. मध्यस्थ म्हणून आलेल्या मामांनी समेट करायला सुचवलं की दोन लाईनी काढेल सरकार, मग काय बिघडलं. त्यानं आणखी पेटलं. दोन लाईनी म्हणजे जंक्शन आलं, आणि जंक्शन कुणाच्या गावात यावर दोघांचे आवाज रस्त्यापर्यंत गेले. चहा तसाच ठेवून पाहुणे उठले.

आठवड्याभरानं मामा निरोप घेऊन आले. तात्यांना मुलगी द्यायची होती. सोनं नको, हुंडा तर नकोच, लग्नाचा खर्च अर्धा अर्धा. फक्त चार माणसांत आबांनी एवढं म्हणावं की गाडी बावड्यावरून जातीय.

आबांनी साफ नकार दिला. आईनं त्यांना नाना परीनं सांगितलं. मी तर हात जोडले. जी वस्तू आपल्याकडं नाही ती देऊन टाकायला काय जातं, असं मी विचारलं. ते म्हणाले की पोराच्या लग्नात मी कुणाच्याबी पाया पडेन, पर गाडी देणार न्हाय. मला त्या दिवशी त्यांची खरंच चीड आली.

भाऊ दारात उभा होता. तो आबांपुढं कधी बोलत नसे.

“आबा, त्या गाडीसाठी मी अकरा वरसं थांबलो,” तो म्हणाला. “कंटाळा आला न्हाय, तुमी सांगितलं म्हणून थांबलो. पर ती पोरगी थांबायची न्हाय, आन मला बी आता थांबायचं न्हाय.”

त्याचा आवाज चढलाही नव्हता.  आबांनी आईला धुतलेलं धोतर काढायला सांगितलं.

बावड्यात तात्यांच्या ओसरीवर चार वडीलधारी माणसं बसवली होती. मीही गेले होते. आबांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, “गाडी तुमच्या गावावरनं जातीय. आमी सोडली.” मुलीकडच्यांनी वरपक्षाकडून रेल्वे घेतल्याची नोंद कुठल्याच रितीभातीत नसावी. तात्यांना जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण ते एकदम कावरेबावरे झाले. त्यांनी आबांना टॉवेल-टोपी दिली, आपल्या हातानं फेटा बांधला, आणि पहिल्या गाडीत तुमीच बसायचं, असं बजावलं. आबांनी ते मान्य केलं. माझ्या शेजारी उभी असलेली नवरी मुलगी हसू दाबत होती, आणि तिचे डोळे भरले होते.

लग्न थाटात झालं. आमच्याकडं अक्षता पडायच्या आधी पुढाऱ्यांचे आशीर्वाद होतात आणि नवरा-नवरी ताटकळत उभी असतात. एका पुढाऱ्यांनी माइक धरला आणि भारतीय कुटुंबव्यवस्थेपासून सुरुवात करून ते लोकलवर आले. येत्या काळात ही जोडी लोकलनं पुण्याला जाईल, त्यासाठी आपण कटिबद्ध आहोत, म्हणाले. कुठल्या गावावरून, ते बोलले नाहीत. मांडवात पहिली टाळी आबांची पडली आणि दुसरी तात्यांची. दोघे खांद्याला खांदा लावून वाजवत होते. मुहूर्त टळून गेला होता.

महिन्याभरानं भावानं सांगितलं की त्याला बारामतीत गोदामावर देखरेखीचं काम मिळालंय. बायकोची नोकरी तिथंच, रोज जा-ये जमत नाही, तेव्हा जळोचीत माझ्या घराला लागूनच खोली बघितलीय. सामान टेम्पोत चढवताना आबा मदत करत होते. गादीची दोरी त्यांनीच आवळली. मग अगदी सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, परत कवा येणार?

“जरा बस्तान बसू द्या,” भाऊ म्हणाला. “येतो की मग कायमचाच.”

तो माझ्याकडं बघत नव्हता. मी त्याची खोली पाहिलेली होती. त्यानं पाण्याची मोठी टाकी घेतली होती, भिंतीत फळ्या ठोकल्या होत्या, आणि घरमालकाला पुढच्या वर्षी शेजारची खोलीही लागेल म्हणून सांगून ठेवलं होतं.

आता आबा रोज संध्याकाळी मला फोन करतात. लोकलचं नाव त्यांच्या तोंडात क्वचित येतं. गावात सगळ्यांना सांगतात की पोरगं तात्पुरतं गेलंय. त्याच्यासाठी आतली खोली रंगवून घेतली, संडास घरात घेतला, सुनेला आवडतो म्हणून मोगरा लावला. गावातली माणसं हसत असणार. परवा त्यांनी मला फोनवर सांगितलं, “तारीख न्हाय सांगितली त्यानं. पर येणार म्हणालाय.”

भिंतीपलीकडं भाऊ आणि वहिनी पाळण्यासाठी हुक कुठं ठोकायचा यावर बोलत होते. मला सगळं ऐकू येत होतं.

“व्हय, आबा,” मी म्हटलं. “येणार की.”