आखाजीची घागर

आमच्या घरात माझं पुस्तक कुणी वाचणार नाही, या एका भरवशावर मी ते लिहिलं होतं. लेखिका म्हणून हे कबूल करताना लाज वाटते, पण खरं तेच आहे. धुळ्याच्या कॉलेजात शिकवायचं, सुट्टीत कथा लिहायच्या आणि पुस्तक आलं की भडगावजवळच्या आमच्या गावी एक प्रत न्यायची. भाऊ ती देव्हाऱ्यात ठेवून हळदकुंकू वाहायचा आणि मोकळा व्हायचा.

त्यातली एक कथा अक्काची होती. अक्का म्हणजे माझी मोठी आत्या. तिचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांनी कामासाठी सुरतेला गेला तो परत आलाच नाही. अक्का माहेरी येऊन राहिली, पण कुंकू ठसठशीत लावायची. गावातल्या नवरीला पहिली हळद लावायचा मान सवाष्ण म्हणून तिचाच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे वारलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात, वर खरबूज ठेवतात. दहा वर्षांची असताना मी पाहिलं, अक्का गोठ्यामागे एकटीच एक घागर भरत होती. तिनं तोंडातल्या तोंडात नवऱ्याचं नाव घेतलं, डोळे पुसले, कुंकू नीट केलं आणि झोके खेळणाऱ्या पोरींत येऊन बसली.

कथेत मी गाव शिरपूरकडचं केलं, आत्याची जाऊ केली, सुरतेचं इंदूर केलं. घागर मात्र ठेवली. ती काढली तर कथाच उरत नाही, असं मी स्वतःला समजावलं.

मग कथा वाचून ऐकवणाऱ्या एका यूट्यूब चॅनेलनं ती मागितली. एका नटीनं वाचली आणि पुस्तकानं दोन वर्षांत केलं नव्हतं ते आठवड्यात झालं. अनोळखी माणसांचे मेसेज यायला लागले. माझे पाय जमिनीवर नव्हते. रविवारी सकाळी भावाचा मेसेज आला, की दुपारी अक्काला आणि गल्लीतल्या बायांना तुझी कथा ऐकवतो.

फोन केला, तो उचलेना. मिळेल ती एसटी धरली. पारोळ्याला गाडी बदलली, ती अर्धा तास हलेना. अक्काला वाचता येत नाही, हे मी इतकी वर्षं सोयीचं धरून चालले होते. तिचे कान किती तिखट आहेत, ते विसरले होते.

पोचले तेव्हा ओट्यावर सात-आठ बाया बसल्या होत्या आणि मधे पालथ्या डब्यावर भावाचा फोन होता. अक्का गहू निवडत होती. कथा नेमकी गोठ्यामागे आली होती. फोन बंद करायला मी हात पुढे केला, तर अक्का म्हणाली, "ऱ्हाऊ दे." नटी फार छान वाचत होती. मला तिचा संताप आला, आणि त्याहून जास्त माझ्या प्रत्येक वाक्याचा.

कथा संपली. एकीनं डोळ्यांना पदर लावला. दुसरीच्या लेकीला अक्कानं नुकतीच हळद लावली होती. त्या आईनं विचारलं, "कोठली बाई शे ही?"

मग ती अक्काच्या कपाळाकडे बघायला लागली, आणि तिच्यामागून एकेक करत सगळ्याच. घरची कामं आठवल्यासारख्या त्या उठून गेल्या. भावाला अजून काहीच कळलं नव्हतं. आवाज किती स्वच्छ येतो, हेच तो सांगत होता.

मी अक्काजवळ बसले. लहानपणी पाहिलं होतं म्हणाले. नाव-गाव सगळं बदललंय, असंही म्हणाले. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"देखं व्हई तू," ती म्हणाली. "पन मी तुले सांगेल नव्हतं."

त्यानंतरच्या लग्नांत अक्का हळदीला दिसली नाही. कुणी बोलावलं नाही की तीच गेली नाही, हे विचारायची माझी हिंमत होत नाही. कुंकू ती अजून लावते. माझ्याशी बोलतेही, जेवलीस का विचारते. पण गोष्ट म्हणजे काय ते मला लहानपणी तिच्याच तोंडून ऐकून कळलं, आणि आता ती बायांना काही सांगत असली आणि मी दारात आले, की ती मधेच थांबते आणि मी आत निघून जायची वाट बघते.