साहेबरावांची चारा छावणी

साहेबराव तांगडे कुठल्याही मंगल कार्यालयात शिरले की नवरा-नवरीच्या आधी संडास शोधत. तो सापडला की जवळची खुर्ची पकडायचे आणि म्हणायचे, "आता लागू द्या लग्न." आमची ओळखही अशीच झाली. पोटाच्या डॉक्टरांकडे संडासाजवळच्या एकाच खुर्चीवर आम्हा दोघांचा डोळा होता. आजार एकच: मोठ्या आतड्याला सूज, जखमा, शौचातून रक्त. खुर्ची अर्थात त्यांनीच मिळवली.

मूळचे पाचोडचे. वाळूजच्या कंपनीत सुपरवायझर झाले, शहरात, गारखेड्यात घर बांधलं आणि भाकरीला घराबाहेर काढलं. "भाकर दुष्काळात खायची. आपुन शहरात राहतो," असं म्हणत सकाळी ब्रेड, दुपारी नूडल्स, संध्याकाळी बिस्किटं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, पण त्यांच्या फ्रिजमधल्या थंड पेयाच्या बाटल्या कधी आटल्या नाहीत. भावाने गावाहून ज्वारी पाठवली की ती कबुतरांना जायची. कबुतरांची तब्येत उत्तम होती.

डॉक्टरांनी एकदा आम्हा दोघांना समोर बसवून समजावलं. आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात, धान्य-भाजी-डाळींचा चोथा हे त्यांचं खाणं. ते मिळालं नाही की चांगले जंतू घटतात आणि सुजेला वाव मिळतो. "सूज उतरली की चोथा हळूहळू वाढवा. गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत."

"म्हंजी पोटात चारा छावणी उघडायची," साहेबराव म्हणाले. त्या वर्षी तालुक्यात जागोजागी जनावरांच्या छावण्या होत्या, त्यामुळे त्यांना विषय पुरता कळला. शेवटचं वाक्य तेवढं कानाआड गेलं.

दुसऱ्याच दिवशी भाकरी, ठेचा, कच्चा कांदा, मटकी आणि तांब्याभर ताक. हळूहळू हा शब्द त्यांच्या कोशात नव्हता. आठवड्याने गोळ्याही बंद. "चारा आला की ढोरं आपसूक उठत्यात, मास्तर. तुम्ही बी सोडा."

आणि कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या मी सोडल्या. तेराव्या दिवशी रक्त दिसलं, तसा निमूटपणे पुन्हा सुरू केल्या. साहेबरावांना सांगायची मात्र लाज वाटली. विद्वानाने फजिती कशी कबूल करायची?

दोन महिन्यांत ते वाळून खारीक झाले आणि दवाखान्यात पोचले. मोठं आतडं काढावं लागलं, पोटावर शौचासाठी कायमची पिशवी आली. खाटेशेजारी बसून मी सगळं कबूल केलं.

"म्हंजी तुम्हाला आधीच कळलं व्हतं?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "उद्यापासून रोज नऊला मीच फोन करत जाईन, गोळी घेतली का म्हणून. तुमचा भरवसा नाय."

त्यानंतर लग्नांत ते पहिल्या रांगेत बसत. "आता शोधायचं काम नाय. संगंच हिंडतंय." लोक हसत. मला मात्र हसू येत नसे.

रोज सकाळी नऊचा फोन काही वर्षं चुकला नाही. गेल्या उन्हाळ्यात हृदयाच्या झटक्याने ते गेले. दहा-बारा दिवस फोन वाजला नाही, आणि त्यांतले दोन दिवस मी गोळी विसरलो. मग एके सकाळी नऊला वाजला. वहिनी होत्या, साहेबरावांच्या पत्नी.

"मास्तर, गोळी घेतली का? ह्यांनी मला कवाचं सांगून ठेवलंय."

"घेतो, वहिनी."

"घेतो नाय. मी फोन धरून हाये. घ्या."