फुलकोबीचा उमेदवार

माझा मोठा भाऊ विधानसभेला उभा राहिला तेव्हा त्याच्या पक्षाच्या वाट्याला फुलकोबी हे चिन्ह आलं होतं. पातूरजवळच्या आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या भाजीपाला पिकवणारं आमचं घर. त्यामुळे लोकांना आयतीच गंमत सापडली. प्रचाराला निघाला की पारावरून कुणीतरी विचारायचंच, "भाऊ, गोबी आज काय भाव?" दादा हसायचा आणि पत्रक हातात द्यायचा. मला मात्र अकोल्यात बसूनही राग यायचा.

तो उभा राहिला एका साध्या गोष्टीसाठी. आठवडी बाजारात भाजीवाल्यांना ओटे नाहीत; ऊन असो, चिखल असो, गोणपाट अंथरून रस्त्याच्या कडेला बसायचं आणि कुणी हाकललं की उठायचं. दोन्ही मोठ्या पक्षांनी ओट्यांचा शब्द प्रत्येक निवडणुकीत दिला आणि विसरले. मग हा म्हणाला, मीच उभा राहतो. पक्ष तिसरा, छोटा. नेते अमरावतीहून एका गाडीत यायचे, भाषण ठोकून जेवण करून जायचे. आपण निवडून येणार नाही हे दादालाही कळत होतं. त्याला एवढंच हवं होतं की गावानं तरी आपल्या मागे उभं राहावं. या एका गोष्टीवर त्याचा जीव टांगलेला होता.

आणि मी काही करू शकत नव्हते. लग्नानंतर माझं नाव अकोल्यातल्या जठारपेठेच्या मतदारयादीत गेलेलं. सख्खी बहीण, पण माझं मत भलत्याच मतदारसंघात.

त्या वर्षी भाऊबीज ऐन प्रचारात आली. दादाला अकोल्याला यायला फुरसत नव्हती, म्हणून मीच आदल्या दिवशी माहेरी गेले. संध्याकाळी तो घरी आला तर कपाळावर कुंकवाचा नुसता थर. दारोदार बायांनी ओवाळलेलं. जेवायला बसतानाही त्यानं तोंड धुतलं नाही. "पाह्य," तो मला म्हणाला, "एकबी घर असं नाई की जिथं ओवाळलं नाई. गाव सोबत हाय आपल्या." त्याचा चेहरा इतका उजळला होता की कपाळ धू म्हणायचं माझ्या जिवावर आलं. माय पोळी वाढत होती.

सकाळी मी भाऊबीजेचं ताट केलं. दिवा लावला, सुपारी ठेवली, कुंकू कालवलं. दादा परसात हातपाय धूत होता, ओवाळून घेऊन लगेच निघणार होता. तेवढ्यात दारात घोषणा ऐकू आल्या. मोठ्या पक्षाचा उमेदवार पदयात्रा करत थेट आमच्याच उंबऱ्याशी येऊन ठेपला होता. हात जोडून म्हणाला, "मावशी, आशीर्वाद द्या."

मी ताट धरून तशीच उभी राहिले. मायनं पदर डोक्यावर घेतला, माझ्या हातातलं ताट काढून घेतलं, त्याच्या कपाळाला कुंकू लावलं आणि त्याला ओवाळलं. "आचारसंहिता हाय मावशी, ताटात काही टाकता येत नाई," तो म्हणाला, तशी त्याची माणसं हसली. तिघाचौघांचे मोबाइल वर होते. मी तिचा हात धरायला हवा होता, पण आमच्याकडे असा हात कुणी धरत नाही. दादा ओल्या पायांनी मागच्या दारात उभा राहून पाहत होता.

दुपारपर्यंत तो व्हिडिओ सगळ्या गावांत फिरला. खाली लिहिलं होतं, गोबीवाल्याची आईसुद्धा आमच्याच सोबत.

पण ते नंतरचं. पदयात्रा पुढे गेल्यावर दादा आत आला. ओरडेल असं मला वाटलं होतं. त्यानं हळूच विचारलं, "माय, मतबी त्यालेच देशीन का?"

"येडा झाला का तू?" माय म्हणाली. "मत येगळं अन् ओवाळनं येगळं. दारात आलेल्या मानसाले कोऱ्या कपाळानं कसं धाडाव?"

तिच्या तोंडून हे सहज गेलं. दादा मात्र खाटेवर बसला आणि त्यानं कपाळावरून हात फिरवला. प्रत्येक घरच्या बाईनं त्याला कशासाठी ओवाळलं होतं, ते त्याला त्या क्षणी समजलं. मला ते समोर दिसत होतं. मी दिव्यात तेल घातलं आणि त्याला ओवाळलं. मग तो प्रचाराला गेला, कारण गाडी दारात उभी होती.

निकालात गावच्या मतदान केंद्रावर त्याला जी मतं पडली ती आमच्या भावकीच्या मतांपेक्षाही कमी होती. त्यानंतरही गाव त्याच्याशी गोडच वागलं. भेटेल तो म्हणायचा, "भाऊ, तुमी लई चांगलं बोलले." माय कितीतरी दिवस मला फोनवर एकच विचारायची, "मंग म्या काय कराले पायजे होतं, सांग बरं?" बाजारात अजून गोणपाटच आहेत, आणि दादा त्यावर बसून फुलकोबी विकतो.

पुढच्या भाऊबीजेला तो अकोल्याला आला. पाटावर बसला. मी कुंकवात बोट बुडवलं तेव्हा त्यानं मान वर करून विचारलं, "तुहं मत गावात असतं, तं मले देलं असतं का?"

"म्हंजे काय दादा? तुलेच देलं असतं."

त्यानं कपाळ पुढे केलं.

"सारे असंच म्हनत होते, बाई," तो म्हणाला.

मी खरंच त्यालाच दिलं असतं. पण हे सांगायला माझ्याकडे त्याच शब्दांवाचून दुसरे नव्हते, म्हणून मी कुंकू लावलं आणि ताट उचललं.