गेर्गिनाचं घर

डॅन्यूबकाठच्या त्या गावात दोन्काला नावाने क्वचितच कोणी ओळखायचं. ‘सासूला सांभाळणारी’ म्हणूनच ती सगळ्यांना ठाऊक होती. मिरच्या भाजून बाटल्यांत भरण्याच्या कारखान्यात ती दिवसभर उभी असायची आणि घरी आली की अंथरुणाला खिळलेल्या गेर्गिनाचं सगळं करायची. घर सासूचं, वरचा मजला मात्र दोन्का आणि तिचा नवरा क्रुम यांच्या कमाईतून चढला होता.

क्रुम ट्रक चालवायचा. एकदा गेला तो शेजारच्या शहरातल्या न्हाविणीकडेच राहिला. घटस्फोटाचा दावा त्यानेच लावला.

“घर सासूच्या नावावर आहे, त्यात वाटणी मागता येणार नाही,” वकीलबाई म्हणाल्या. “वरच्या मजल्याच्या खर्चासाठी भांडता येईल, पण त्यात वर्षं जातील. म्हातारीने घर तुमच्या नावे केलं तरच खरं.”

दोन्काने सासूकडे शब्द टाकला नाही. एवढी वर्षं आपण काय केलं ते तिला दिसतंय, सांगायचं कशाला? उलट गेर्गिनाच एके दिवशी म्हणाली, “नोटरीला बोलाव गं. घराचं एकदाचं मार्गी लावते.” दोन्काने त्या दिवशी पडदे धुतले.

नोटरी साक्षीदार घेऊन आला. क्रुमही आला, दाराशी टोपी चुरगाळत उभा राहिला. दोन्का स्वयंपाकघरात कॉफी करत होती. आतून सासूचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

“मुलाच्या नावे.”

कॉफी उतू गेली. तिने ती पुसली, पुन्हा ठेवली आणि सगळ्यांना नेऊन दिली.

माणसं गेल्यावर ती खाटेपाशी उभी राहिली. “आई, मी काय कमी केलं?”

“काहीच नाही,” म्हातारी म्हणाली. “तू धडधाकट आहेस, चार घरी तुझं निभेल. त्याला कोण विचारतंय? ती बया उद्या हाकलून देईल.” मग मान वळवून म्हणाली, “केस विंचर ना, खाजतंय.”

दोन्काने केस विंचरले, वेणी घातली. दुसऱ्या दिवशी कारखान्यामागच्या भाड्याच्या खोलीत ती राहायला गेली.

क्रुमने हिवाळ्याच्या आत घर विकलं आणि आईला वृद्धाश्रमात ठेवलं. म्हातारी जेवत नाही असं कानावर आलं, तेव्हा दोन्का दही घेऊन गेली.

“क्रुम आला का?” गेर्गिनाने विचारलं.

“येईल.”

“आपल्या घरी कधी जायचं?”

“घर विकलं, आई.”

म्हातारीने तोंड मिटून घेतलं. दोन्काने चमचा तसाच धरून ठेवला. मग दही उशाशी ठेवून ती निघाली. पुढच्या रविवारी तिने कोट चढवला, बसथांब्यापर्यंत गेली आणि परत फिरली. त्यानंतर तेवढंही केलं नाही.

गेर्गिना बर्फ वितळण्याआधी गेली. क्रुमचा फोन आला. आवाज घोगरा होता.

“दोन्का, दफनानंतर वाटायचे गोड गहू तू उकडशील? आईला तुझ्याच हातचे आवडायचे.”

“बाजारात तयार मिळतात,” तिने सांगितलं.

तिने फोन ठेवला. त्या संध्याकाळी तिने गहू भिजत घातले. सकाळी उकडले, साखर-अक्रोड घालून वाडगा भरला, पण तिच्याने दफनाला जाववेना. उंबऱ्यात बसून तिने ते एकटीनेच खाल्ले.