चढावर थांबू नका

मिस्त्रीनं मला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. मी घरी येऊन त्यातली एकच सांगितली. त्याला आता चाळीस वर्षं होत आली.

तेव्हा आम्ही नांदेडच्या कडेला पत्र्याच्या दोन खोल्यांत राहायचो. मी, माझा नवरा, आमची लहान मुलं, धाकटा दीर आणि जाऊ. चूल एकच. आमचा एक जुना ट्रक होता. नवरा चालवायचा, दीर सोबत असायचा. दीर तिशीतला, अंगानं दांडगा आणि तोंडानं त्याहून दांडगा. मला चिडवल्याशिवाय त्याला जेवण जात नव्हतं. लातूरचा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि पाऊस सलग दुसऱ्या वर्षी पडला नव्हता. आम्हाला दोन्हींनी काम दिलं. ऐकायला वाईट वाटतं, पण त्या दुष्काळात ज्याच्या दारात ट्रक होता तो उपाशी राहिला नाही.

इस्लापूरकडच्या जंगलातलं कापलेलं गवत भरायचं आणि लातूरकडच्या जनावरांच्या छावण्यांवर नेऊन टाकायचं, हे आमचं काम. गवताचा ट्रक लांबून टेकडी चालत आल्यासारखा दिसतो, पण वजन काही नसतं. तरी डिझेल मात्र भरल्या गाडीइतकंच जायचं. मीटरवर माझा कधीच भरवसा नव्हता. एका सरळ काठीवर मी विळ्यानं खाचा पाडल्या होत्या. ट्रक निघताना आणि परत आल्यावर ती काठी टाकीत बुडवून किती खाचा ओल्या झाल्या ते बघायची.

"वैनी, किती ताप हाय गाडीला?" दीर विचारायचा. "औषध द्यावं का?"

"आधी तुला देते," मी म्हणायची.

मिस्त्रीचं गॅरेज घरापासून जवळच होतं. एकदा मी त्याला थेट विचारलं, की वजन नसताना गाडी एवढं डिझेल का पिते. मला चौथीपर्यंतच शाळा झालेली, पण विचारायला शाळा लागत नाही. त्यानं मला ट्रकच्या मागं नेऊन खाली वाकून दाखवलं. मागच्या चाकांच्या मधे एक लोखंडी गोळा असतो. त्यात दोन दातेरी चक्रं एकमेकांत बसलेली असतात. मोठ्याला क्राउन म्हणतात, लहानाला पिनियन.

"ही जोडी वजन ओढायची हाय भाभी," तो म्हणाला. "इंजिन लई फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. ह्याच्यापेक्षा कमी दातांचं क्राउन घातलं तर तेवढ्याच फिरण्यात गाडी लांब जाईल. डिझेल वाचेल."

मला लगेच कळलं. डोक्यावर भरली घागर असली की बाई लहान पावलं टाकते. रिकामी घागर घेऊन निघाली की ढांगा टाकते. आमचा ट्रक रिकाम्या घागरीनं लहान पावलं टाकत होता.

"आणि घागर भरली तर?" मी विचारलं.

मिस्त्री हसला. "तुम्हीच गॅरेज काढा भाभी. भरली तर जुनी जोडी परत घालायची. नवी जोडी गवताची, जुनी वजनाची. जुनी तेल लावून पोत्यात बांधून ठेवा."

नवरा तयार नव्हता. चाललंय ते चालू द्यावं, असा त्याचा स्वभाव. मी आठ दिवस त्याच्या मागं लागले. शेवटी दीरच म्हणाला, "दादा, घाल बाबा ती जोडी. न्हाईतर वैनी आपल्याला काठीनं मापील." दोन दिवसांत काम झालं. पुढच्या खेपेहून गाडी परत आल्यावर मी काठी बुडवली तर दोन खाचा जास्त ओल्या. नवऱ्यानं काठीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं आता आठवलं की अंगावर काटा येतो.

पाण्याचा टँकर एक दिवसाआड यायचा. पाणी दारातल्या पिंपात भरून ठेवायचं आणि झाकणावर वजन ठेवायचं, हे गल्लीतल्या सगळ्या घरांत चालायचं. कुणाकडे जात्याची तळी होती, कुणाकडे पाटा. मी पोतं सोडलं आणि क्राउन काढून आमच्या झाकणावर ठेवलं. कुत्र्यांना ते हलत नव्हतं आणि शेजारणींना आवाज न करता उचलता येत नव्हतं. त्या लोखंडाचा तेवढा उपयोग मला दिसला. पाणी घेताना सांडायचं, ओले हात लागायचे. तीन महिन्यांत झाकणावर गंजाचं तांबडं कडं उमटलं. ते मी रोज घासायची. क्राउनवरच्या गंजाकडे माझं लक्ष गेलं नाही.

मग इस्लापूरकडचं गवत संपलं. त्याच सुमाराला लातूरला नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्यांचं बांधकाम निघालं होतं. नांदेडहून सळया पोचवायचं काम एक गुत्तेदार द्यायला तयार झाला. नवरा म्हणाला, आधी जुनी जोडी बसवू. पिंपाजवळ गेला, क्राउन उचललं आणि तसाच उभा राहिला.

"हे काय केलंस?"

"पाणी राखलं," मी म्हणाले.

"राखलंस," एवढंच तो म्हणाला. त्याला हदगावकडचा राहिलेला कडबा आणायला निघायचं होतं. "मिस्त्रीला दाखवून ये. चालत असलं तर बसवू."

मी ते जड चक्र पिशवीत घालून गॅरेजला नेलं. मिस्त्रीनं दातांवरून बोट फिरवलं. बोट तांबडं झालं.

"भाभी, दात खाल्ले गंजानं. ही जोडी गेली. दुसरी हैदराबादहून येईल. पंधरा दिवस तरी."

"तोवर आहे त्या जोडीवर सळया नेल्या तर? लातूरच्या वाटेवर लोहा गावापुढचा चढ चढंल का?"

त्यानं बोट चिंधीला पुसलं. "चढेल. चालत्या गाडीनं चढेल. पण चढावर थांबू नका म्हणा. एकदा थांबली तर ही जोडी परत उचलणार न्हाई. गाडी मागं येईल."

परत येताना मी सगळा हिशेब मनात केला. हे दुसरं सांगितलं तर नवरा जाणार नाही, मला ठाऊक होतं. तो नाही म्हणेल, गुत्तेदार दुसरी गाडी बघेल, आमचा ट्रक दारात उभा राहील. आणि तो उभा राहिला तो कुणामुळं, हे सासरकडचा प्रत्येक जण मला विचारील. खरं सांगायचं तर मला ट्रकपेक्षा त्या विचारण्याची जास्त भीती होती.

नवरा आला. "काय म्हणला मिस्त्री?"

"जुनी चालत न्हाई म्हणला. नवी यायला पंधरा दिवस. पण आहे त्या जोडीवर चढंल म्हणला."

"आणखी काय म्हणला?"

मी चूल फुंकत होते. "आणखी काय म्हणायचं? चढंल म्हणला."

पहिली खेप नीट गेली. मी मनात म्हटलं, बघ, उगाच घाबरली असतीस. मिस्त्री जरा जास्तच सांगतो, असंही मला वाटायला लागलं. दुसऱ्या खेपेला दीर निघाला तेव्हा जाऊ भाकरी बांधत होती. तो म्हणाला, "लातूरचा जिल्हा झाला आणि तुझ्या भाकरीला अजून कडा न्हाईत." ती म्हणाली, "मग लातूरलाच कर बायको." तो हसत गेला. तिला स्वतःचं ते वाक्य अजून टोचतं. तिनं मला ते कितीतरी वेळा बोलून दाखवलंय आणि प्रत्येक वेळी मी तिला म्हटलंय, चेष्टेतलं बोलणं होतं, त्यानं काय होतंय.

पुढचं नवऱ्यानं सांगितलं तेवढंच मला माहीत आहे. ट्रक अर्धा चढ चढला होता. वळणावर छावणीकडे हाकत नेलेली जनावरं रस्त्यात आली. हाडं निघालेली, हॉर्नला न हलणारी. त्यानं गाडी थांबवली. जनावरं गेली. मग गाडी उचलेना. ब्रेक सोडला की मागं यायची. दीर खाली उतरला आणि मागच्या चाकाला लाकडी ठोकळा लावला. नवऱ्यानं दोनदा जोर लावला, क्लचचा जळका वास सुटला. तिसऱ्यांदा गाडी मागं आली तेव्हा ठोकळा फुटला. दीर चाकाच्या आणि रस्त्याच्या कठड्याच्या मधे होता.

दीर गेल्याच्या पाचव्या दिवशी मिस्त्री भेटायला आला. खूप वेळ बसला. उठताना मला दारात हळू विचारलं, "भाभी, तुम्ही सांगितलं होतं ना?"

मी म्हणाले, "हाव."

त्यानं मान हलवली. मग नवऱ्याकडे एकदा बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते मला कळलं. सांगूनही ह्यानं गाडी थांबवली, असं तो समजला. मी त्याला तसं समजू दिलं.

नवऱ्यानं पुन्हा ट्रक हातात घेतला नाही. ट्रक विकला, एका दुकानात पोती उचलायला लागला. जेवताना मधेच थांबून म्हणायचा, "दुसऱ्या गिअरवर असतानाच दाबायला पाहिजे होतं." कधी म्हणायचा, "क्लच लवकर सोडला मी." तीस वर्षं तो त्या चढावर गाडी उचलत राहिला. मी त्याच्या ताटात भाजी वाढत राहिले. तो गेला तेव्हाही त्याला माहीत नव्हतं.

भूतबित मी मानत नाही. पण दुपारी दारात ऊन असलं की मला दीर दिसायचा. पिंपाशी उभा, एका हातानं झाकण उचललेलं, दुसऱ्या हातानं पाणी पिताना. मी पिंप बदललं, मग घर बदललं, मुलांनी नळ आणला. तरी कुठं पाणी भरून ठेवलं की तो त्याच्या कडेला असायचा. मी त्याला कधी विचारलं नाही आणि त्यानंही नाही. मला वाटायचं, त्याला दुसरी गोष्ट ऐकायची आहे.

जाऊ माझ्यासोबतच राहिली. माझी मुलं मोठी झाली, लातूरला गेली, आम्ही दोघी इथंच. चूल एकच. गेल्या उन्हाळ्यात आम्ही तूर निवडत बसलो होतो. ती म्हणाली, "आक्का, एक बोलू का? तुझ्या माणसाला मी कधी माफ केलं न्हाई."

"का गं?"

"जनावरापायी गाडी थांबवली त्यानं. सख्ख्या भावापरीस त्याला जनावरं मोठी झाली. तो मेला तेव्हा मी रडले ते लोकांसाठी."

चाळीस वर्षं ती एका चुलीवर जेवली आणि हे पोटात ठेवलं. माझ्याही पोटात होतंच. पण माझं मी माझ्यावर ठेवलं होतं, असं मी समजत होते. त्याचं ओझं नवऱ्यावर पडलं होतं.

मी सूप खाली ठेवलं आणि सांगितलं. मिस्त्री काय म्हणाला, मी काय सांगितलं, काय नाही. दारात मिस्त्रीला हाव म्हणाले, तेसुद्धा.

तिनं हातातली तूर सुपात परत टाकली. मग म्हणाली, "तुला ठाऊक होतं."

"हाव."

"आणि त्याला?"

"त्याला न्हाई."

ती उठली. आतल्या भिंतीवर माझ्या नवऱ्याचा फोटो आहे, त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. पदरानं काच पुसली. इतक्या वर्षांत तिनं त्या फोटोला हात लावलेला मी बघितला नव्हता. मग तिनं स्वतःचा तवा, परात आणि एक पातेलं उचललं आणि पलीकडच्या खोलीत नेलं.

तेव्हापासून तिची चूल वेगळी आहे. सकाळी भिंतीपलीकडून भाकरी थापल्याचा आवाज येतो. ती दोन करते. मी माझ्या दोन करते. मुलगा फोनवर विचारतो, काय भांडलात, तर मी त्याला सांगते, भांडण नाही, तिचं बरोबर आहे.