सतरा नंबरच्या इंजिनाचे आईबाप

प्रिमितिवाची ओळख आमच्या गल्लीला आधी आवाजानं झाली, मग चेहऱ्यानं. पोरसवदा वयापासून ती दुसऱ्यांच्या मिनीबसच्या दारात एक पाय आत, एक बाहेर ठेवून उभी असायची आणि थांब्यांची नावं ओरडायची. "सेहा, सेहा, सेहा! चढा मामा, जागा आहे! मावशी, गाठोडं मांडीवर घ्या, नाहीतर त्याचं वेगळं तिकीट!" जागा नसायचीच. पण तिनं आहे म्हटल्यावर लोक चढायचे आणि मग जागा कशीबशी व्हायचीच.

ड्रायव्हर रांगेत गाडी लावून सूप प्यायला उतरायचे आणि जाताजाता तिला सांगायचे, "पुढची हलली की आपली सरकव गं." अशी एकेक गाडीभर अंतर सरकवत ती गाडी शिकली. घागऱ्याचा घेर गुडघ्यांखाली दाबायचा, टोपी काचेपाशी ठेवायची आणि क्लच सोडायचा. नवरा ब्राझीलला शिवणकामाच्या कारखान्यात गेला होता. आधी पैसे पाठवायचा, मग नुसते नमस्कार, मग तेही बंद झाले. कुणी विचारलं तर प्रिमितिवा म्हणायची, "शिवतोय अजून. चड्डी मोठी असेल."

चाळिशी उलटल्यावर तिनं स्वतःची मिनीबस घेतली. जपानहून आलेली, वापरलेली. तिचं स्टिअरिंग मूळचं उजवीकडचं. बंदरावरच्या कुणा कारागिरानं ते डावीकडे आणलं होतं, पण वेगाचे आणि तापमानाचे काटे उजवीकडेच राहिले होते, ड्रायव्हरच्या शेजारी बसणाऱ्यासमोर. आमच्या एल आल्तो शहरात अशा गाड्या पुष्कळ आहेत. शेजारचा प्रवासी ओळखीचा असेल तर त्याला काटा विचारायचा, नसेल तर अंदाजानं चालवायचं.

आमच्या मार्गावरच्या मिनीबसवाल्यांच्या, म्हणजे लाइनीच्या, संघटनेत तिला सतरा नंबर मिळाला. लाइनीतली ती पहिली बाई. अध्यक्ष डॉन गुमेर्सिंदो यांनी तिच्या अर्जावर सही केली तेव्हा त्यांचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं झालं होतं, कारण त्या नंबरावर त्यांच्या मेव्हण्याचा डोळा होता. संघटनेचा एक नियम आहे. वर्धापनदिनाला प्रत्येक गाडीनं सजून, स्वतःच्या इंजिनावर, चढ चढून मैदानात यायचं. जी येणार नाही तिचा नंबर पुढच्या माणसाला. आणि नंबर गेला की मिनीबस म्हणजे चाकांवरची पत्र्याची खोली.

नवी गाडी रस्त्यावर आणण्याआधी कोपाकाबानाला, सरोवराकाठच्या मातेपुढं नेऊन आशीर्वाद घ्यायचा असतो, आणि गाडीला धर्माची आई लागते. प्रिमितिवानं इलारियाला केलं. इलारिया थांब्यावर कोंबडीचं सूप विकते. तिचं सगळंच मोठं: पातेलं, आवाज, सोन्याचे दात. गाडीची धर्माची आई झाल्यावर ती प्रिमितिवाची कोमाद्रे झाली, म्हणजे बहिणीहून जवळची आणि बहिणीइतकीच डोक्याला ताप.

मी प्रिमितिवाच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहते, शाळेत शिकवते. मलाही नेलं होतं. इलारियानं आणलेला ग्लॅडिओलसचा हार गाडीचं सगळं तोंड झाकून दोन्ही बाजूंनी लोंबत होता. त्यावर साटिनच्या रिबिनी. पाद्र्यानं बादलीतलं तीर्थ बोनेट उघडून आत शिंपडलं. मग इलारियानं फटाके लावले, बिअर उडवली आणि रंगीत कागदाचे बारीक तुकडे मुठीमुठीनं इंजिनावर उधळले. "आतूनसुद्धा नटू दे की तिला," ती म्हणाली.

परतीचा पहिला टप्पा चढाचा आहे. मानाच्या जागेवर इलारिया बसली होती, काट्यांसमोर.

"कोमाद्रे, तापाचा काटा बघ गं," प्रिमितिवा म्हणाली.

"इथं तीन आहेत. कुठला?"

"शेवटचा."

"हां. वर चाललाय."

"किती वर?"

"छान वर. जोरात आहे तुझी गाडी!"

थोड्या वेळानं जळका वास आला. इलारिया म्हणाली, फटाक्यांचा असेल, कपड्यांना बसलाय. मी मागून म्हटलं, "थांबवा आणि तो हार काढा. हवाच जात नसेल आत."

दोघी एकदम माझ्यावर उलटल्या. "मास्तरीणबाई, आशीर्वादाचा हार वाटेत काढतात होय? गाडी घरी पोचेपर्यंत त्याला हात लावत नाहीत. तुम्ही आपलं शाळेत शिकवा!"

चढ संपायला एक वळण उरलं असताना बोनेटखाली चमच्यांचं पोतं आपटल्यासारखा आवाज झाला आणि गाडी गप्प झाली. वाफेचा लोट उठला. तो विरला तेव्हा पुढच्या हाराची शिजलेली भाजी झाली होती. प्रिमितिवा खाली उतरली, वळसा घालून काट्यापाशी गेली आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. इलारिया खिडकीतून सरोवराकडे बघत होती.

एका ट्रकनं आम्हाला ओढत तिकिनाच्या धक्क्यावर आणलं. तिथं गाड्या लाकडी तराफ्यावरून पलीकडे जातात. आम्ही ढकलत मिनीबस तराफ्यावर चढवली तेव्हा नावाडी म्हणाला, "मयत आहे वाटतं. मयताला सवलत नसते हं." कुणी हसलं नाही. तोही मग वल्ह्याकडे वळला.

एफ्राईन मेस्त्रीनं इंजिन खोललं. रेडिएटरच्या जाळीतून त्यानं सुरीनं कागदाचा लगदा खरवडला, पंख्यातून करपलेली रिबीन ओढून काढली. "बाई, हे इंजिन आहे की कार्निव्हल?" तो म्हणाला. "रिबिनीनं बेल्ट उतरवला, पाणी फिरायचं थांबलं. हेडला बाक आलाय, चारी पिस्टन खरचटलेत. तरी तुम्ही चालवत राहिलात?"

"चालवत राहिले."

"मग आता सगळं इंजिन करावं लागेल." त्यानं जो आकडा सांगितला तो गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त होता. प्रिमितिवा जवळच्या टायरवर बसली. टोपी काढून तिनं मांडीवर घेतली आणि तिच्या काठावरची धूळ बोटानं पुसत राहिली.

गल्लीत तिनं एवढंच सांगितलं की वॉटर पंप जुना होता. हाराचं नाव काढलं नाही, काट्याचंही नाही. मला जिन्यात गाठून म्हणाली, "तुम्ही बोलू नका काही. मातेनं हिला नाकारलं असं म्हणायला लोक टपलेत. आणि इलारियानं तो हार हौसेनं आणला होता." सणाची रेशमी शाल विकून तिनं हेडचं काम सुरू करायला सांगितलं. बाकीच्यासाठी काहीच नव्हतं. मग एके सकाळी मी शाळेला निघाले तर थांब्यावरून जुना आवाज आला, "सेहा, सेहा, सेहा!" सतरा नंबरची मालकीण नऊ नंबरच्या दारात लटकून ओरडत होती. नऊ नंबरचा ड्रायव्हर तिच्या भाच्याच्या वयाचा होता.

डॉन गुमेर्सिंदो गॅरेजवर येऊन गेले. "प्रिमितिवाबाई, कशाला जिवाला घोर? आहे तशी द्या. माझा मेव्हणा पत्र्याच्या भावानं घेईल."

"मेव्हण्याला सांगा, रांगेत उभं राहा," ती म्हणाली. "रांगेतच माणूस गाडी शिकतो."

बोलली खरी, पण संध्याकाळी चुलीपुढं बसून तिनं मला विचारलं, "पत्र्याचा भाव काय चाललाय हो सध्या?"

इलारिया या काळात फिरकली नव्हती. सुपाचं पातेलं तिनं थांब्यावरून उचलून पलीकडच्या कोपऱ्यावर नेलं होतं. पण आवाज कोपऱ्यावरही पोचतो. नऊ नंबरच्या दारातला तो आवाज तिनं चार-पाच दिवस ऐकला असेल. मग दुपारी ती पातेल्यासकट गॅरेजमध्ये हजर झाली. मी शाळेतून येताना प्रिमितिवाचा डबा द्यायला गेले होते, म्हणून मला सगळं बघायला मिळालं.

"पोर आजारी पडलं आणि धर्माच्या आईला निरोपसुद्धा नाही?" इलारियानं पातेलं खाली आपटलं. "मी काय मेले होते?"

"तूच पळून गेलीस कोपऱ्यावर!"

"तू बघायचीस तसं माझ्याकडे! त्यापेक्षा बोलायचं ना!"

"बोलू? ऐक मग. तुझ्या त्या हारानं मारलं माझं इंजिन. तुझ्या रिबिनीनं! आणि काटा टोकाला लागला तरी म्हणतेस छान वर!"

"मला काय ठाऊक काट्यांचं? मी सूप विकते! सूप उकळलं की चांगलंच असतं! आणि मास्तरीणबाई हार काढा म्हणत होत्या तेव्हा त्यांच्यावर कोण ओरडलं? मी एकटीच?"

गाडीखालून एफ्राईनचे पाय तेवढे दिसत होते, तेही हलायचे थांबले होते.

"दोघी," प्रिमितिवा शेवटी म्हणाली.

"दोघी," इलारिया म्हणाली आणि तिला एकदम हसू आलं. "त्या मास्तरीणबाईंचं तोंड आठवतं का गं?" मग दोघी हसत सुटल्या, पोट धरून. गाडीखालून एफ्राईन म्हणाला, "सूप निवतंय."

सूप पिताना इलारियाला सुचलं. "आपल्याकडे लग्नात केकची धर्माची आई वेगळी, बिअरचा बाप वेगळा, बॅन्डचा वेगळा. एकटा नवरदेव कधी करतो का सगळं? मग इंजिनाला का नाही?"

"इंजिनाला?"

"पिस्टनचा बाप. गॅस्केटची आई. मेस्त्री, किती सामान लागतं सांगा."

प्रिमितिवानं वाडगा खाली ठेवला. "नको. मग जन्मभर प्रत्येकाच्या लग्नाला, बारशाला, घरभरणीला बिअरची पेटी घेऊन जावं लागेल मला. मिंधेपण नको. मी आजवर कुणाचं..."

"जायचं की. गाडी असेल ना तुझ्याकडे," इलारिया म्हणाली. "आणि इतकी वर्षं नसलेल्या जागेत लोकांना जागा करून देतेस. आता ते थोडे सरकतील तुझ्यासाठी."

दुसऱ्या सकाळी प्रिमितिवा नऊ नंबरच्या दारात उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात ओरडली, "सेहा, सेहा, सेहा! चढा मामा! सतरा नंबरला पिस्टन हवेत, चार! बाप व्हायचंय का कुणाला?"

आधी लोकांना थट्टा वाटली. मग खाणीतून निवृत्त झालेला एक म्हातारा मागच्या सीटवरून म्हणाला, "पहिला पिस्टन माझा. दुसरा-तिसरा नको, पहिलाच." पहिला मिळाला म्हणून तो इतका खूश झाला की दुसरा एका शिंप्यानं ईर्ष्येनं घेतला, आणि उरलेले दोन संध्याकाळपर्यंत गेले. बटाटेवाल्या बायकांनी मिळून गॅस्केट घेतलं. नऊ नंबरचा पोरगेला ड्रायव्हर लाजत बेल्ट देऊन गेला. एफ्राईन म्हणाला, "ऑइल माझं. पण मजुरी सोडणार नाही, आधीच सांगतो." माझा पगार व्हायचा होता, म्हणून मी रेडिएटरचं झाकण घेतलं. नवा रेडिएटर अर्थातच इलारियाचा. जुन्या बाजारात तिनं दुकानदाराशी अशी घासाघीस केली की तो शेवटी म्हणाला, "न्या बाई, पण परत येऊ नका."

वर्धापनदिनाच्या सकाळी एफ्राईन अजून नट आवळत होता. मैदानाकडून बॅन्ड ऐकू येऊ लागला तेव्हा प्रिमितिवानं किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि लागलं. खाणीतला म्हातारा बोनेटला कान लावून म्हणाला, "माझा बरोबर चालतोय." शिंपी म्हणाला, "माझा जास्त बरोबर चालतोय." दोघांनाही आत कोंबलं. बटाटेवाल्या गाठोड्यांसकट चढल्या. जागा नव्हती. "आहे, आहे," प्रिमितिवा म्हणाली.

सजावट तर हवीच. इलारियानं हार आणला होता, पहिल्यापेक्षा मोठा. गाडीच्या तोंडापाशी उभी राहून ती क्षणभर घुटमळली, मग मागं गेली आणि मागच्या काचेवर तो बांधला. रिबिनींना गाठी मारून टोकं कात्रीनं छाटली. मग पुढं येऊन मानाच्या जागेवर बसली आणि काट्यांसमोरची काच शालीच्या टोकानं पुसली.

चढ लागला. पुढं सोळा गाड्या, त्यांच्या धुरात आम्ही. प्रिमितिवाची नजर रस्त्यावर होती.

"काटा?"

"मध्यावर."

"नक्की?"

"मातेची शपथ. मध्यावर."

अर्ध्या चढावर पुढची गाडी अडली. थांबावं लागलं. इंजिन जागच्या जागी गुरगुरत होतं.

"काटा?"

"जरा हलला. वर." इलारियाचा आवाज बारीक झाला होता. "एक केसभर. आता सांगितलं हं मी! थांबवायची का?"

प्रिमितिवानं गाडी रांगेतून किंचित बाहेर काढली, वारा समोरून लागेल अशी. मेव्हण्याची चकचकीत गाडी कडेला रिकामी उभी होती, तिच्या दारात डॉन गुमेर्सिंदो. त्यांनी घड्याळ पाहिलं. आमच्या गाडीत सगळे श्वास धरून त्या काट्याकडे बघत होते, ज्यांना तो दिसत नव्हता तेसुद्धा.

"खाली," इलारिया म्हणाली. मग मोठ्यानं, "खाली येतोय! मध्यावर!"

मागून कुणीतरी टाळी वाजवली. प्रिमितिवानं क्लच सोडला.

मैदानात नंबर पुकारले जात होते. सोळा झाला. गुमेर्सिंदो धापा टाकत वर आले होते. त्यांनी कागदाकडे पाहिलं, आमच्या गाडीकडे पाहिलं आणि घसा साफ केला. "सतरा."

"हजर!" आम्ही सगळेच ओरडलो. बटाटेवाल्या, शिंपी, म्हातारा, मी. प्रिमितिवाचा आवाज त्यात वेगळा ऐकू आला, आमच्या गल्लीला ओळखीचा.

गर्दी पांगल्यावर ती उतरली आणि टोपी डोक्यावर ठेवून गाडीकडे बघत उभी राहिली. शिंपी जवळ येऊन म्हणाला, "पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न आहे. येणार ना? बिअरच्या दोन पेट्या चालतील."

"दोन?" प्रिमितिवा म्हणाली. "एका पिस्टनला एक."

"बरं, एक," शिंपी म्हणाला. "पण वऱ्हाड तुम्ही न्यायचं."

"नेईन की. किती माणसं?"

त्यानं आकडा सांगितला. तेवढी माणसं त्या मिनीबसमध्ये मावणं शक्य नव्हतं. प्रिमितिवानं इलारियाकडे पाहिलं, इलारियानं काट्याकडे.

"जागा आहे," प्रिमितिवा म्हणाली.